सरोवराच्या डोक्यावरच्या खिंडी: पायी किंवा सायकलवर जायचं तर

खिंडीत उभं राहून खाली पाहिलं की सरोवर अगदी पायाशी दिसतं. मध्ये गवताचा उतार, थोडी झाडी आणि लगेच पाणी. दिवसभर चालून अंग आंबलेलं असतं आणि मनात येतं, वळणावळणाची वाट कशाला धरायची, सरळ उतरलो तर तासाभरात काठावर. मी एकदा तसाच उतरलो. वरचा उतार सोपा होता, झाडीही विरळ होती. अडीचशे मीटर उतरलो आणि झाडी संपली, ती कड्याच्या टोकावरच. समोर मोकळी हवा, पार खाली पाणी, उजवीकडे कडा, डावीकडे कडा. उतरलेलं सगळं पुन्हा चढून वाटेला लागलो तेव्हा ऊन कलून गेलं होतं आणि बाटलीत दोन घोट पाणी उरलं होतं.

हे असं का होतं ते समजून घेतलं तर पुढची अर्धी धोक्याची ठिकाणं आपोआप टळतात. डोंगरातली पुष्कळ मोठी सरोवरं हिमनदीने कोरलेल्या दरीत साठलेली आहेत. हिमनदीची दरी पन्हळासारखी असते, तळाशी रुंद आणि बाजूंना उभी. म्हणजे खिंडीजवळचा उतार बेताचा आणि पाण्यालगतचा सर्वांत उभा, नेमका आपल्या अंदाजाच्या उलट. वरून पाहताना तो उभा भाग दिसतच नाही, कारण वरच्या उताराची कड त्याला झाकून टाकते. म्हणून या लेखातली सगळी आखणी एका गोष्टीवर उभी आहे: सरोवराकडे पाहून उंची मोजा, वारा ओळखा, दिशा धरा, पण त्याच्या दिशेने सरळ उतरू नका. उतरायचं ते वाटेनेच.

आणि सुरुवातीलाच एक खुलासा. इथे सायकल म्हणजे पायडल मारायची सायकल. मोटारसायकलचं गणित वेगळं आहे.

घरी बसून करायचं काम

नकाशा उघडला की आधी सरोवरात छापलेला आकडा शोधा. चांगल्या नकाशावर पाण्याच्या पातळीची समुद्रसपाटीपासूनची उंची पाण्यातच लिहिलेली असते. खिंडीच्या उंचीतून ती वजा करा. चढायचं असतं ते एवढं.

इटलीतल्या गार्दा सरोवराचं उदाहरण घेऊ. पाण्याची पातळी ६५ मीटर, त्याच्या वायव्येला असलेली त्रेमाल्झो खिंड १,६६५ मीटर. वजाबाकी बरोबर १,६०० मीटर. आल्प्सच्या मानाने १,६६५ हा आकडा किरकोळ वाटतो, पण काठावरून निघणाऱ्याला त्यातला जवळजवळ प्रत्येक मीटर चढावा लागतो. याउलट लडाखमधलं पँगाँग सरोवर मुळातच ४,२०० मीटरच्या वर आहे. तिथे वजाबाकी छोटी येते आणि त्रास वेगळाच होतो, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

वजाबाकीत न दिसणारी गोष्ट म्हणजे वाटेतले मधले उतार. वाट एक सोंड ओलांडून ओढ्यात उतरली आणि पुन्हा चढली की तेवढी उंची दुसऱ्यांदा कमवावी लागते. मोबाइलमधल्या नकाशावर वाट आखली की एकूण चढ वेगळा दाखवला जातो, तो पाहा. सरासरी चढावरही विसंबू नका. कोमो सरोवराकाठच्या बेल्लाजोहून गिझाल्लोच्या खिंडीत जाणारा रस्ता साधारण साडेदहा किलोमीटरचा, चढ ५५० मीटरच्या आसपास, म्हणजे सरासरी पाच टक्क्यांच्या थोडी वर. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात मधला मोठा तुकडा जवळपास सपाट आहे आणि तेवढी भरपाई बाकीचा रस्ता करतो, काही ठिकाणी चढ १४ टक्क्यांपर्यंत जातो. पाच टक्के धरून गिअर ठरवणारा पहिल्याच टप्प्यात सायकलवरून उतरून चालू लागतो. (वर ७५४ मीटरवर छोटं चर्च आहे. तिथल्या मेरीमातेला १९४९ साली पोप बारावे पायस यांनी सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून मान्यता दिली. आत जुन्या शर्यतींच्या सायकली टांगलेल्या आहेत. तेवढ्यासाठी तो १४ टक्के चढ सोसावा असं माझं मत आहे.)

समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, वाचता येत नसतील तर एक संध्याकाळ त्यासाठी काढा. खिंड ओळखायची खूण सोपी आहे. दोन बाजूंना शिखरांची बंद वर्तुळं, त्यांच्यामध्ये रेषा दोन्ही दिशांनी आत दबलेल्या, डमरूच्या कमरेसारख्या. त्या कमरेतून वाट जाते. मग कमरेपासून पाण्यापर्यंत बोट फिरवा आणि रेषा कुठे एकमेकींना चिकटल्या आहेत ते पाहा. पाण्याच्या वर लगेच रेषांचा दाट काळा पट्टा दिसला तर तो कडा. वाट त्या पट्ट्यातून कुठून शिरते आणि कुठून बाहेर पडते, ती दोन ठिकाणं डोक्यात पक्की करा. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. खिंडीच्या सावलीच्या बाजूला मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

वेळेचा हिशेब

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा अजून कामाला येतो: सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा वाट ९ किलोमीटर आणि चढ १,००० मीटर. सपाटीचे एक तास ४८ मिनिटं, चढाचे एक तास ४० मिनिटं, मिळून साडेतीन तासांना थोडे कमी. यात थांबणं धरलेलं नाही. त्याच वाटेने उतरायला मी चढाच्या दोन-तृतीयांश वेळ धरतो, म्हणजे सव्वादोन ते अडीच तास. विश्रांतीचा एक तास जोडला की पूर्ण दिवस सात तासांचा. सोबत नवखं कोणी असेल तर आठ.

सायकलला किलोमीटर मोजण्यात अर्थ नाही, तासाला किती मीटर उंची चढता ते मोजा. नियमित चालवणारा माणूस डांबरी रस्त्यावर तासाला ५०० मीटरच्या आसपास चढतो. खडीच्या रस्त्यावर, पाठीवर पिशवी घेऊन, ३५० धरा. खिंडीला जायच्या आधी घराजवळच्या कुठल्याही लांब चढावर स्वतःचा आकडा काढून ठेवा. दुसऱ्याच्या आकड्यावर आपला दिवस आखू नका.

आता हिशेब उलटा करा. दुपारी बारा वाजता तुम्हाला खिंड ओलांडून उताराला लागलेलं असायचं आहे. तिथून मागे मोजत या आणि निघायची वेळ ठरवा. ती पहाटेची निघेल. बाराच का, ते पुढे येतं.

कुठली वाट पायाची, कुठली सायकलची

स्वित्झर्लंडमध्ये पाट्यांचे रंगच बोलतात. नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी पायवाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, जिथे पाय सरावाचे हवेत आणि उंचीची भीती नको. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे गिर्यारोहकांची वाट, तिथे तयारीशिवाय जायचं नाही. पाटीवर लिहिलेले तास थांबण्याचा वेळ न धरता असतात. तिथल्या अल्पाइन क्लबची टी-१ ते टी-६ ही श्रेणी चालणाऱ्यांसाठी, आणि सायकलच्या पायवाटांसाठी जर्मन भाषिक भागात एस-० ते एस-५ ही वेगळी श्रेणी वापरतात. दोन्हींची गल्लत करू नका. बुटांनी आरामात उतरता येणारी दगडी पायऱ्यांची वाट सायकलवर भल्याभल्यांना झेपत नाही.

सायकलसाठी माझी पहिली पसंती जुन्या लष्करी रस्त्यांना. पहिल्या महायुद्धात गार्दाच्या उत्तरेकडून इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरीची सीमा जात होती आणि डोंगरात सैन्याने रस्ते खोदले. त्रेमाल्झोचा नागमोडी खडीचा रस्ता आणि माथ्याजवळचा बोगदा त्याच काळातला. खेचरं आणि तोफा वर न्यायच्या होत्या, म्हणून चढ एकसारखा ठेवलेला आहे, अचानक छातीवर येत नाही. पायांना ही लय मिळाली की तास कसे जातात कळत नाही. शेजारीच रिवा गावातून लेद्रोच्या दरीकडे जाणारा पोनाले रस्ता आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कड्यातच कोरलेला. गाड्या पुढे बोगद्यातून जायला लागल्या आणि २००४ पासून हा पायी चालणाऱ्यांना आणि सायकलींना खुला झाला. एका अंगाला खडक आणि दुसऱ्या अंगाला खाली थेट सरोवर. असे रस्ते दरड पडली की बंद होतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी तिथल्या पर्यटन कार्यालयात विचारून घ्या. सायकलला कुठे मनाई आहे तेही तिथेच कळेल. मनाईच्या पायवाटेवर 'थोडंच तर आहे' म्हणून शिरू नका. चालणारे आणि सायकलवाले यांच्यातली बहुतेक भांडणं अशाच थोड्यातून होतात आणि मग ती वाट सगळ्यांनाच बंद होते.

पहिल्यांदा जात असाल तर ज्या वाटेने चढलात त्याच वाटेने उतरा. एका खिंडीतून चढून दुसरीतून उतरण्याचा फेरा मोहक दिसतो, पण त्यात उताराची वाट अनोळखी असते, आणि ती गाठता तेव्हा तुम्ही थकलेले असता. चढताना पाहिलेला प्रत्येक निसरडा कोपरा, प्रत्येक फाटा उतरताना ओळखीचा असतो. चढताना फाट्यावर थांबून मागे वळून पाहायची सवय लावा, कारण परतताना तो तसाच दिसणार आहे.

पाण्यावरचा वारा

डोंगरातल्या मोठ्या सरोवरावर स्वच्छ हवेच्या दिवशी वारा ठरल्या वेळी दिशा बदलतो. रात्रभर डोंगर गार झालेले असतात, जड हवा उतारावरून पाण्याकडे वाहते. ऊन चढलं की उतार तापतात, तिथली हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला खालून हवा ओढली जाते. गार्दावर उत्तरेकडून येणाऱ्या पहाटवाऱ्याला पेलेर म्हणतात आणि दुपारी दक्षिणेकडून सुटणाऱ्याला ओरा. कोमोवर सकाळचा तिवानो, दुपारचा ब्रेवा. तिथल्या नावाड्यांची कामं पिढ्यान्‌पिढ्या याच वेळांवर बेतलेली. तुम्ही जाल त्या सरोवराच्या वाऱ्यालाही बहुधा नाव असेल. काठावरच्या माणसाला ते विचारा, वेळ तोच सांगेल.

चढताना अर्ध्या उंचीवर एकदा थांबून खाली नीट पाहा. सकाळी पाणी काचेसारखं असतं, समोरचे डोंगर त्यात उलटे दिसतात. मग एका टोकाला काळपट डाग उमटतो. तो पसरत पट्टा होतो, त्याची कड पुढे सरकताना स्पष्ट दिसते, आणि पट्टा पोचतो तिथलं प्रतिबिंब पुसलं जातं. तुमच्या अंगाला वारा लागायच्या आधी पाण्याने तो दाखवलेला असतो. हा बदल झाला की उतारांवरून हवा वर चढायला लागली, आणि तिच्याबरोबर पाण्यावरची वाफही. डोंगराच्या धारेवर कापसासारखे ढग जमायला लागतात. ते रुंदीपेक्षा उंचीने जास्त वाढू लागले, माथा फुलकोबीसारखा फुगू लागला, तर दोन-तीन तासांत गडगडाट होऊ शकतो. बाराच्या आत खिंड ओलांडायची ती यासाठी. खिंड ही धारेतली फट असल्याने दुपारचा वारा तिथेच एकवटतो. सायकल हातातून ओढली जाईल इतका.

वीज चमकली की सेकंद मोजा. आवाज तीस सेकंदांच्या आत आला तर वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे. धार सोडा, एकट्या झाडापासून आणि लोखंडी कुंपणापासून दूर व्हा, सायकल लांब ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच पुन्हा वर जायचा विचार करा, आणि खरं तर त्या दिवशी करूच नका.

हवेच्या दाबावर उंची दाखवणारं घड्याळ असेल तर सरोवराचा आणखी एक उपयोग होतो. काठावर उभं राहून त्यात पाण्याच्या पातळीचा आकडा भरा, त्याहून पक्की खूण मिळणार नाही. रात्री ते खोलीत तसंच ठेवा. सकाळी आकडा चाळीसएक मीटरने वाढलेला दिसला तर खोली वर गेलेली नाही, हवेचा दाब पाचेक हेक्टोपास्कलने उतरला आहे. हवामान बिघडतंय. बेत बदला.

सोबत काय घ्यायचं

थोडक्यात. दर १,००० मीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. काठावर २६ असेल तर १,६०० मीटर वर साधारण १६, वर घामेजलेलं अंग आणि वारा. म्हणून वारा अडवणारं पातळ जाकीट आणि एक कोरडा बनियन भर उन्हाळ्यातही पिशवीत हवाच. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा. ओढ्याचं पाणी कितीही निर्मळ दिसलं तरी वर गुरं चरत असतील, तेव्हा गाळून-निर्जंतुक करून किंवा एक मिनिट खळखळून उकळून प्या, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. शिट्टी, डोक्याला लावायची बॅटरी, लवचीक पट्टी, थोडं जास्तीचं खाणं. मोबाइल वर गार पडला की बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून तो आतल्या खिशात.

सायकलला दोन ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, साखळीची जोडकडी, जास्तीचे ब्रेक पॅड. पॅड लोक विसरतात. ओल्या खडीवर एका लांब उतारात अर्धे झिजलेले पॅड संपून जाऊ शकतात. गिअरबाबत एकच तपासा: पुढच्या सर्वांत लहान चाकाचे दात मागच्या सर्वांत मोठ्या चाकाच्या दातांपेक्षा कमी किंवा फार तर तेवढेच हवेत. दात सारखे असतील आणि दहा टक्के चढावर ताशी सहा किलोमीटरने चाललात, तर पायडलचे मिनिटाला सत्तेचाळीसएक फेरे होतात. त्याहून जड गिअर असेल तर फेरे आणखी कमी होतात आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो.

चढ

पहिली वीस मिनिटं लाज वाटेल इतकं हळू. सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. चालताना पाऊल लहान ठेवा आणि तळवा पूर्ण टेकवा. चवड्यावर चढलं की तासाभरात पोटऱ्या भरून येतात. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, काठी वरच्या अंगाला धरा. सायकलवर खडीच्या चढात उभं राहून पायडल मारलं की मागचं चाक जागीच फिरतं. बसूनच राहा, कोपर वाकवून छाती पुढे झुकवा, म्हणजे पुढचं चाकही उचललं जात नाही. टायरमधली हवा डांबरावर ठेवता त्यापेक्षा थोडी कमी.

तहान लागायच्या आधी पाणी, भूक लागायच्या आधी खाणं, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि वर पोचायच्या घाईत सगळेच विसरतात. मी घड्याळात दर पंचवीस मिनिटांचा गजर लावतो.

खिंडीतली पंधरा मिनिटं

पोचलात की आधी जाकीट घाला, मग फोटो काढा. घाम वाऱ्यात दोन मिनिटांत गार होतो आणि बोटं आखडतात, आणि त्याच बोटांनी पुढे तासभर ब्रेक दाबायचा असतो.

मग पलीकडे डोकवा. फेरा करायचा असेल तर पलीकडची बाजू डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नका. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या उतारांवर बर्फ उशिरापर्यंत राहतं. चढताना दक्षिणेची बाजू कोरडी ठणठणीत मिळते आणि खिंडीपलीकडे पहिल्याच वळणावर घट्ट बर्फाचा पट्टा आडवा येतो. सकाळी तो काचेसारखा असतो, खाली कडा असेल तर घसरलेला माणूस थांबत नाही. पट्टा चार पावलांचा असला तरी साधनं आणि सराव नसेल तर मागे फिरा. खिंडीत येऊन मागे फिरलेला दिवस वाया जात नाही, खिंड पाहून झालेली असते.

घड्याळ पाहा. ठरवलेल्या वेळेपेक्षा तासाभराहून जास्त उशीर झाला असेल तर पुढचा बेत रद्द.

उतार, जिथे खरं लक्ष द्यायचं

माझ्या माहितीतली बहुतेक दुखापत उतरताना झालेली आहे. चढताना शरीर आपोआप सावध असतं, उतारावर ते सैल सुटतं.

सायकलचं आधी. माणूस, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो धरलं तर १,००० मीटर उतरताना साडेआठशे किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. अडीच लिटर गार पाणी उकळायला एवढी ऊर्जा पुरते. वेगात असाल तर त्यातला मोठा वाटा हवा घेते. पण भीतीने हळूहळू, ब्रेक सतत दाबून धरून उतरलात तर जवळजवळ सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते. रिमवरचे ब्रेक असतील तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. डिस्क ब्रेकचे पॅड चकचकीत होऊन पकड सोडतात, तेलाचे ब्रेक असतील तर तेल उकळून लिव्हर पार मुठीपर्यंत जातो. उपाय असा: सरळ तुकड्यावर ब्रेक मोकळा सोडा, वळणाआधी दोन्ही ब्रेक घट्ट पण थोडाच वेळ दाबा, वेग पुरता उतरला की सोडा आणि मग वळा. जळका वास आला, ब्रेकचा आवाज बदलला किंवा लिव्हर नेहमीपेक्षा आत गेला तर तिथेच थांबा. दहा मिनिटं. डिस्कला बोट लावून पाहू नका, कातडी चिकटते. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते.

खडीच्या नागमोडी वळणावर बाहेरच्या अंगाला सुटी खडी साठलेली असते, कारण जाणारं प्रत्येक चाक ती तिकडे उडवतं. म्हणून मधल्या घट्ट झालेल्या पट्ट्यातून वळा. आतला पाय वर, बाहेरचा पाय खाली, आणि भार त्याच पायावर. नजर चाकापुढे नको, वळण जिथे संपतं तिथे हवी. सरोवराकडे तर अजिबात नको. पाहायचं असेल तर थांबा, सायकल डोंगराच्या अंगाला टेकवा आणि मग मनसोक्त पाहा. चालत्या सायकलवर नजर जिकडे जाते तिकडे सायकल जाते, आणि सरोवराच्या बाजूला रस्त्याला कठडा असतोच असं नाही.

पायी उतरताना बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट बांधा, म्हणजे बोटं पुढे आपटून नखं काळी होत नाहीत. काठ्या चढापेक्षा थोड्या लांब करा. पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले. ओल्या गवतावर घसाऱ्यापेक्षा जास्त जपा. उभ्या ओल्या गवतावर घसरलेला माणूस वेग घेतो आणि धरायला काही सापडत नाही.

वाटेवर माणसं भेटतील. चालणाऱ्याला सायकलवाल्याने वाट द्यायची, चढणाऱ्याला उतरणाऱ्याने. लांबूनच आवाज द्या, वेग पावलाच्या वेगावर आणा. गुरं आडवी आली तर सायकलवरून उतरून लांबून वळसा घ्या, गाय आणि वासरू यांच्यामधून कधीच जाऊ नका. फाटक उघडलं तर लावून घ्या.

वाट हरवली तर

इथेच सरोवर फसवतं. वाट दिसेनाशी होते, पाणी मात्र दिसत असतं. त्याच्याकडे सरळ जायचं नाही आणि ओढ्याच्या काठानेही उतरायचं नाही. हिमनदीच्या मुख्य दरीत येऊन मिळणाऱ्या बाजूच्या लहान दऱ्यांचा तळ वरच्या अंगालाच अधांतरी संपतो, आणि ओढा तिथून धबधबा होऊन पडतो. म्हणजे ओढ्याची वाट हमखास कड्यावर नेते. शेवटची खात्रीची खूण जिथे पाहिली होती तिथपर्यंत मागे चढा. कंटाळा येतो, पाय नको म्हणतात, तरी चढा.

अडकलातच तर जागा सोडू नका. युरोपात आणि भारतातही ११२ हा आणीबाणीचा क्रमांक आहे. फोन लागत नसेल तर मिनिटाला सहा वेळा शिट्टी किंवा बॅटरीचा झोत, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. मिनिटाला तीन वेळा उत्तर आलं तर समजा, कोणीतरी ऐकलं. तुम्ही सरोवराच्या वरच्या उतारावर असाल तर इथे त्याचा उपयोग आहे: रात्री समोरच्या काठावरून उघड्या उतारावरचा झोत दिसू शकतो. झाडीत लपू नका, उघड्यावर पण कड्यापासून आत बसा आणि मिळेल ते अंगावर चढवा.

सरोवरच उंचावर असेल तर

२,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. पँगाँगसारख्या ठिकाणी काठावर पोचता तेव्हाच तुम्ही ४,२०० मीटरच्या वर असता. तिथे पहिल्या दिवशी खिंडीचं नाव काढू नका. ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढा. डोकं दुखतंय आणि मळमळतंय तोवर वर जायचं नाही. चालताना तोल जायला लागला, बोलणं विसंगत झालं किंवा बसल्याजागी धाप लागली तर लगेच खाली, रात्र असली तरी, सोबतीने.

निघण्याआधी काठावर कोणालातरी तुमची वाट आणि परतायची वेळ सांगून ठेवा. पलीकडच्या गावात उतरून बोटीने परतायचं असेल तर शेवटची बोट कितीला ते लिहून घ्या, हंगामाप्रमाणे ती वेळ बदलते. आणि काठावर पोचलात की बूट काढून पाण्यात पाय सोडायच्या आधी ज्याला सांगून निघालात त्याला फोन करा, नाहीतर तो इकडे शोधपथकाला कळवून मोकळा झालेला असेल.